अडकलेली कळी

द्वारकाबाई परुळेकरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, असं म्हणणं पुरतं खरं नाही. उत्तर मी पुष्कळदा लिहिलं. टाकलं मात्र नाही.

पत्र आलं त्या दुपारी मी सावंतवाडीच्या खोलीत परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. पत्रासोबत काजूगरांची पुरचुंडी होती. अक्षर त्यांचं स्वतःचं, मोठं आणि उजवीकडे कललेलं. खुशालीच्या चार ओळी झाल्यावर लिहिलं होतं, "मास्तर, एक विचारायचं राहिलं. मी थांबले ते शहाणपण होतं की भित्रेपण? तुम्ही त्या दिवशी ओसरीवर होतात म्हणून तुम्हांलाच विचारते. एका ओळीत कळवा, मला लांबण लागलेलं वाचवत नाही."

ती एक ओळ मला चाळीस वर्षं सुचली नाही.

मी तेव्हा तिशीतला होतो. वाईहून येऊन सावंतवाडीच्या कॉमर्स कॉलेजात संख्याशास्त्र आणि व्यवसाय-संशोधन शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलत होतो. जयवंत परुळेकर माझ्याच वयाचा. वेंगुर्ल्याच्या बाजूला त्यांचा काजूचा कारखाना होता. वडील वारल्यावर आईनं तो चालवला. जयवंत मुंबईची नोकरी सोडून तिच्या हाताखाली आला होता आणि हाताखाली असणं त्याला जड जात होतं.

एका रविवारी तो मोटारसायकल घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"सर, आमच्याकडे काजूबिया अजून लोखंडी ढोलात भाजतात," तो म्हणाला. "नुसता धूर, आणि अर्धा गर फुटतो. मी वाफेचा बॉयलर आणलाय. कोल्हापूरचा व्यापारी चाचणीपुरता ठेवून गेलाय. वाफेनं अख्खा गर जास्त निघतो. मला दिसतंय, पण आईला दिसत नाही. बॉयलर घ्यायचा तर बँकेकडे कलमांची बाग गहाण पडणार. ती म्हणते, कोणीतरी तिऱ्हाइतानं मोजून सांगू दे."

"मी कारखान्यात कधी काही मोजलेलं नाही," मी म्हणालो.

"पुस्तकात मोजलंय ना? चला."

मला नाही म्हणता येत नाही. मी मागे बसलो.

द्वारकाबाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या. नऊवारीचा काष्टा, कपाळ मोकळं, डोळ्यांवर पुरुषी घाटाचा चष्मा. मी माझ्या पिशवीतून कोष्टकांचं पुस्तक काढायला लागलो तशी त्या म्हणाल्या, "ते राहू दे. तुमचा हिशोब कसा चालतो ते मला कळायचं नाही. आमचा कसा चालतो ते आधी बघा. मग एकमेकांशी बोलू." आणि चपला घालून चालू लागल्या.

त्यांनी मला ग्रामदेवतेच्या देवळात नेलं. तिथे कौल लावणं चाललं होतं. मी घाटावरचा माणूस, पहिल्यांदाच पाहत होतो. एक शेतकरी हात जोडून बसला होता. तातू गुरवानं फुलांच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवली. मग खड्या आवाजात म्हणाला, "आई माउली, ह्यो तुझो लेक इचारता, घराच्या खालच्या अंगाक बाव खणूची काय नाय? खणूची तर उजवी दी. खणूची नाय तर डावी दी."

"बाव म्हणजे विहीर," बाईंनी माझ्या कानाशी सांगितलं. "ऐकलंत ना? उजवी म्हणजे काय, डावी म्हणजे काय, ते कळी पडायच्या आधी बोलायचं. मोठ्यानं. चारचौघांत."

आम्ही बघत राहिलो. कळ्या हलेनात. समई तेवढी जळत होती. शेतकरी गुडघ्यांवर पुढे सरकला, आणखी सरकला आणि देवीच्या उजव्या खांद्याच्या समोर जाऊन खोकला.

"ए भिवा," तातू गुरव ओरडला, "फुंकर मारू नको."

"फुंकर खंय? खोकलो आयलो."

"देवीच्या खांद्याकडेच बरो येता तुझो खोकलो. डाव्या अंगाक बस आनि खोक बघू."

मागे बसलेल्या बायका हसल्या. भिवा कानकोंडा होऊन मागे झाला. बराच वेळ गेला तरी एकही कळी पडली नाही. शेवटी तातूनं दोन्ही कळ्या काढून ताम्हनात ठेवल्या.

"माउली बोलाक नाय. घराक जा."

"उद्या लावूया परत?"

"उद्या नाय नि परवा नाय. ह्या प्रश्नाक आता शिमगो होऊन जाऊ दे. मगे नव्यान ये, नव्यान इचार."

परत येताना वाटेत द्वारकाबाईंनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात असं काही असतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहत म्हणालो, "जवळजवळ असंच असतं. आम्ही आधी धरून चालतो की नव्या यंत्रानं काही फरक पडत नाही. त्याला गृहीतक म्हणतात. मोजणीनं ते धरणं मोडलं, तरच फरक आहे म्हणायचं. कशानं मोडलं समजायचं, तेही मोजायच्या आधी ठरवायचं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं असं पुस्तकात नाही. पण असायला हवं."

पहिल्यांदा त्या हसल्या. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ओसरीवर बसून ठरवलं. ढोलात भाजलेल्या एका पोत्यातून सरासरी चौदा किलो अख्खा गर निघतो, हे कित्येक हंगामांचं माप होतं, त्याबद्दल वाद नव्हता. वाफेवर सोळा पोती करायची. गोदामातली कुठली सोळा, ते चिठ्ठ्या टाकून काढायचं. मग त्या सोळांवरून मी एक पट्टा काढणार, इथपासून इथपर्यंत. वाफेची खरी सरासरी बहुधा त्या पट्ट्यात असेल. सगळा पट्टा चौदाच्या वर राहिला तर उजवी, म्हणजे बाग गहाण टाकून बॉयलर घ्यायचा. सगळा खाली गेला तर डावी.

"आणि चौदा पट्ट्याच्या पोटातच राहिले तर?" बाईंनी विचारलं.

"राहणार नाहीत," जयवंत म्हणाला.

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण जयवंत इतक्या खात्रीनं बोलला की माझा विचार मला उगीच किरकिरा वाटला.

सोळा पोत्यांचं काम आठवडाभर चाललं. वाफेतून निघालेल्या बिया थंड व्हायच्या, मग सोलणाऱ्या बायका राख लावलेल्या हातांनी त्या फोडायच्या. अख्खा गर एका सुपात, तुकडा दुसऱ्या. मी तराजूपाशी स्टुलावर बसून वजनं लिहायचो. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला काजूच्या टरफलाचं झोंबरं तेल लागून भोकं पडली, तशी एक बाई म्हणाली, "मास्तर, कॉलेजात सांगा, संशोधन केलंय म्हणून." त्या दिवसांत मी जितका बोललो तितका आधी वर्षभरात बोललो नव्हतो.

शेवटचं पोतं तोललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मी आकडेमोड मांडली. द्वारकाबाई झोपाळ्यावर. जयवंत खांबाला टेकून उभा. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता, पैसे घ्यायला नाहीतर बॉयलर उचलायला. शेजारच्या गावचा एक कारखानदार तो घ्यायला टपलेलाच होता.

"सोळा पोत्यांची सरासरी साडेचौदाच्या थोडी वर आली," मी सांगितलं.

"आली ना चौदाच्या वर? मग झालं." जयवंतनं टाळी वाजवली.

"ती ह्या सोळांची. सगळ्या पोत्यांची किती, ते आपल्याला हवंय. पोत्यापोत्यात फरक फार आहे. कुठे बारा, कुठे सतरा. त्यामुळे पट्टा रुंद झाला. पावणेचौदापासून जवळजवळ साडेपंधरापर्यंत."

झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या वाजत होत्या.

"म्हणजे चौदा पोटात," बाई म्हणाल्या.

"हो."

"हा पट्टा तरी खरा कशावरून?"

मला खाडीत पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकणारा माणूस आठवला. रोज येताजाता दिसायचा. "पाग कसा फेकतात? मासा एका जागी आहे, पण पाणी गढूळ आहे, दिसत नाही. माझ्या रीतीनं शंभर वेळा पाग फेकला, तर सुमारे पंच्याण्णव वेळा मासा आत येईल. रीतीची खात्री मी देतो."

"आणि हा आजचा पाग? हा त्या पंच्याण्णवांतला की पाचांतला?"

"ते कळत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग तुम्हांला झोप कशी लागते?"

"नीट लागत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्यांना विनोद वाटला.

जयवंतला हसू येत नव्हतं. तो झोपाळ्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, सर काय म्हणतायत ते समजून घे. पोती कमी पडली म्हणून पट्टा रुंद झाला. होय ना सर? जास्त पोती केली तर पट्टा अरुंद होईल."

"होतो," मी म्हणालो.

"मग आज आणखी आठ पोती करू. सगळ्या बायका त्यावरच लावल्या की संध्याकाळपर्यंत होतील. चौदा पट्ट्याबाहेर गेले की संपलं. नाही गेले तर उद्या सकाळी आणखी चार. ट्रक दुपारी येतो. काल मोचेमाड गावचा माल उतरलाय, गोदामात वरच्यावरच आहे."

आता बोलायचं ते मी बोलायचं होतं. पोती वाढवण्यात पाप नाही, पण आकडा बघून बघून, हवा तो येईपर्यंत वाढवत जायचं आणि आला की थांबायचं, ह्यात सगळं मोजमाप फुकट जातं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. तिथे, जिवंत माणूस समोर उभा असताना, ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. जयवंतचं म्हणणं इतकं साधं आणि समंजस वाटत होतं. मी पेन्सिलीला टोक करायला लागलो.

"जयवंता," बाई म्हणाल्या. मुलाशी त्या नेहमी मालवणीतच बोलत. "कौल कितीदा लावतलंस रे?"

"म्हणजे?"

"कळी अडाकली. देवी बोलाक नाय. तू आता जवळ जाऊन खोकतंस."

"आई, हे देऊळ नाही. कारखाना आहे."

"म्हणानच सांगतंय. देवळात फुंकर मारलेली देवीक तरी कळता. हय कोणाक कळतली?"

जयवंत माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. ह्या बॉयलरसाठी तो चार महिने कोल्हापूरला खेपा घालत होता. "सर, तुम्ही सांगा. आकडे राहू देत. तुम्हांला मनातून काय वाटतं?"

"मनातून," मी चाचरलो, "मनातून वाटतं, बॉयलर चांगला असावा."

"ऐक, आई."

"ऐकलंय." झोपाळा थांबला. "माकाय वाटता चांगलो असात म्हणान. तुका वाटता, माका वाटता, मास्तरांक वाटता. पन वाटण्यार बाग गहाण टाकूची नाय, असा आपण तिघांनी ठरवलेला. तुझ्या आज्यान एकेक कलम बांधलेला तां मी बघलंय."

"बॉयलर उद्या जाईल. शेजारी घेतील. ह्या हंगामाला ते आपल्यापुढे जातील."

"जाऊ देत."

"आणि बॉयलर खरंच चांगला निघाला तर? लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणतले, परुळेकरीण भियाली." त्या उठल्या. "फुडल्या हंगामाक भाड्यान बॉयलर आणूया. किती पोती करूची तां आजच मास्तरांकडून लिवन घेवया. नव्यान इचारूया. आता पानां घेतंय, जेवाक चला."

जयवंत जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा तो गोदामामागे जाऊन उभा राहिला. द्वारकाबाई मात्र अंगणात होत्या. बॉयलर चढवताना व्यापारी हमालांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात धंदा म्हणजे असंच चालायचं." त्यांनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, तरी आणून दिला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि मग सोलणाऱ्या बायकांकडे जाऊन म्हणाल्या, "चला गो, ढोल पेटवा."

जयवंतनं मला एसटी स्टँडवर सोडलं. मी उतरलो तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, तुमच्या शास्त्राला 'माहीत नाही' म्हणायला लाज कशी वाटत नाही?"

शेजाऱ्यांनी तो बॉयलर घेतला आणि त्या हंगामात ते पुढे गेले. बाजारात परुळेकरांच्या मालाला उतरता भाव मिळाला. गावात बोलणी झाली, ती माझ्यापर्यंत सावंतवाडीलाही पोचली. मला वाटायचं, मी जरा धीट असतो, किंवा जरा कमी शिकलेला असतो, तर त्या घरावर ही पाळी आली नसती.

पुढच्या हंगामात त्यांनी भाड्यानं बॉयलर आणला. पोती किती हे आधीच लिहून ठेवलेलं होतं, अठ्ठेचाळीस, हंगामाच्या पहिल्या मालापासून शेवटच्या मालापर्यंत विखुरलेली. मधे जयवंतनं एकदाही बेरीज विचारली नाही. तेवढं त्याचंही मानायला हवं. सगळी पोती झाल्यावर मी पट्टा काढला. सव्वाचौदापासून पंधराच्या थोडं वरपर्यंत. चौदा बाहेर राहिले होते, स्पष्ट.

"उजवी," द्वारकाबाई म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन बागेच्या कागदांवर सही करून आल्या. हे जयवंतनंच मला सांगितलं.

म्हणजे बॉयलर चांगलाच होता. पहिल्या वर्षीही चांगलाच असणार.

त्यानंतर महिन्याभरानं ते पत्र आलं. त्यात त्यांनी हेही लिहिलं होतं, "जयवंत म्हणतो एक हंगाम फुकट गेला. त्याच्या तोंडावर मी नाही म्हणते. एकटी असले की वाटतं, खरं असेल." आणि मग तो प्रश्न.

उत्तर लिहायला बसलो की पहिल्या मसुद्यात मी लिहीत असे, की निर्णय योग्य होता, निकाल वेगळा. ते पुस्तकी वाटायचं. दुसऱ्यात अटी घालायचो. तिसऱ्यात मला आठवायचं, की मी स्वतः जन्माचा घाबरट. रस्ता ओलांडतानाही दुसरा कोणी निघेपर्यंत थांबणारा. थांबण्याला शहाणपण म्हणण्याची गरज माझ्याइतकी कोणाला असणार? असल्या माणसाच्या साक्षीला काय किंमत? मग कागद पुस्तकात जायचा. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, निवृत्त होऊन वाईला आलो. पुस्तकांबरोबर ते कागदही आले.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वेंगुर्ल्याच्या बँकेतून निवृत्त झालेला. बोलता बोलता म्हणाला, "सर, परुळेकरबाई तुमची आठवण काढतात."

"आहेत?" मी एकदम विचारलं. नव्वदी केव्हाच उलटली असणार.

"आहेत तर. दिसत नाही, पण रोज कारखान्यात खुर्ची टाकून बसतात. जयवंतशेठ अजून त्यांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. मागं कसलंसं नवं यंत्र घ्यायचं चाललं होतं, तर नातू घाई करायला लागला. त्याला जयवंतशेठच म्हणाले, 'खोकू नको.' मला काही कळलं नाही, पण म्हातारी केवढी हसली."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मोघे सरांचं काही पत्रबित्र येतं का? तर म्हणाल्या, 'येतला. मास्तर अजून मोजतत असतले.'"

तो गेल्यावर मी त्या ओसरीकडे पुन्हा गेलो, मनानं. आधी जाई तेव्हा मला नेहमी पट्टा दिसे, पावणेचौदा आणि साडेपंधरा. ह्या वेळी माणसं दिसली. खांबापाशी लाल डोळ्यांचा जयवंत. पेन्सिलीला टोक करणारा मी, मान खाली. आणि झोपाळ्यावरून उठून, लोक आपल्याला काय म्हणतील ते स्वतःच्या तोंडानं सांगून, जेवायला चला म्हणणाऱ्या बाई. दुसऱ्या दिवशी अंगणात, सगळ्यांच्या देखत, ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभ्या.

मी पोस्टकार्ड घेतलं. मसुदा केला नाही. कोणीतरी वाचून दाखवणार म्हणून अक्षर मोठं काढलं.

"द्वारकाबाईंना सा. न. भित्रेपण मला आतून ठाऊक आहे. त्या दिवशी ओसरीवर ते होतं, पण माझ्याजवळ, तुमच्याजवळ नव्हतं. आपला, मोघे."

एक ओळ होती, दीड म्हणा फार तर. पुन्हा वाचलं असतं तर त्यात काहीतरी सापडलं असतं, म्हणून वाचलं नाही. चपला घातल्या, रस्ता कोणाची वाट न बघता ओलांडला आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत कार्ड टाकलं. आत पडल्याचा आवाज आला.